काडी मोडली होती का

शिरूर कासारच्या तहसील कचेरीसमोरचं लिंबाचं झाड सरकारी आहे, पण त्याची सावली जालिंदर मुन्शींची. निदान मुन्शींचा तरी तसाच समज होता. एकतीस वर्षं ते त्या झाडाखाली लोखंडी टेबल मांडून अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि बॉण्ड लिहीत आले. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते, तेव्हापासून घराण्याला मुन्शी म्हणायची रीत पडली. अक्षर असं वळणदार, की रेशनकार्डाचा अर्जसुद्धा लग्नपत्रिकेसारखा दिसावा. आता गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले, तरी जुनी माणसं म्हणत, कागद करायचा तर मुन्शीच्या हातचा.

त्यातही खरी ख्याती फारकतीच्या बॉण्डची. नवरा-बायकोचं पटेना, दोन्हीकडची माणसं थकली, की सगळी वरात झाडाखाली यायची. कोर्टात वर्षं जातात. इथं चहा थंड व्हायच्या आत काम. मुन्शी बॉण्डवर दोघांची राजीखुशी लिहीत, पाच साक्षीदारांच्या सह्या घेत, शेजारच्या नोटरीचा लाल शिक्का बसला की दोघं मोकळे. "काळ्या दगडावरची रेघ," असं म्हणून मुन्शी पेनाला टोपण लावत.

त्याच झाडाला गेल्या दिवाळीनंतर एका गुरुवारी फलक लागला. वर लिहिलं होतं, मोफत कायदेविषयक सल्ला. खाली लाल अक्षरांत, फारकतीचा बॉण्ड म्हणजे घटस्फोट नव्हे. बांधणारी होती दर गुरुवारी बीडहून येणारी सायली नावाची वकील. वय तिशीच्या आतलं, पायात स्पोर्ट शूज, पाठीला बॅग. घरातल्या कर्त्या माणसाचं बरंवाईट झालं तर बायकापोरांनी काय काय करावं, हे ती तासभर सांगत बसली. ऐकायला चार म्हाताऱ्या आणि एक कुत्रं. मुन्शींना आधी राग आला, मग हसू आलं.

"मॅडम," ते टेबलावरून न उठता म्हणाले, "चारशेच्या वर फारकती लिहिल्यात या हातानं. एक बी माघारी आली न्हाई."

"काका, ती माघारी येते कुणीतरी गेल्यावर," सायली म्हणाली आणि फलकाची दोरी घट्ट करू लागली.

मुन्शींनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. पोरीनं पुस्तकं वाचलीत, माणसं वाचली नाहीत, असं ते नोटरीला म्हणाले, आणि दोघं पोट धरून हसले. माणसाला पुढचं दिसत नाही तेच बरं, नाहीतर त्या दिवशी मुन्शींना हसूच आलं नसतं.

जानेवारीत त्यांचा जावई संजय गेला. पालीला बिंदुसरा धरणाच्या अलीकडे रस्त्याकडेला त्याची खव्याची भट्टी होती. भल्या पहाटे गावोगावचं दूध गोळा करायला निघालेला संजय, दिवा न लावता उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडीसकट आदळला. मागं राहिली मुन्शींची लेक माया आणि सहा वर्षांची नात संस्कृती. माया नुसती भट्टीमालकाची बायको नव्हती. कढईत उलथणं फिरवायला तीच उभी राहायची. डावा हात कोपरातून सरळ होत नसे, म्हणून तिनं उजव्या हाताला दोघांचं काम शिकवलं होतं.

तो डावा हात मोडला होता सत्यमनं. सत्यम म्हणजे घाटनांदूरचा तिचा पहिला नवरा. नऊ वर्षांपूर्वी लेकीचा हात गळ्यात बांधलेला पाहून मुन्शींनी तिला घरी आणलं, आणि महिन्याभरात तिची फारकत स्वतःच्या हातानं लिहिली. आयुष्यात लिहिलेला सर्वांत देखणा बॉण्ड. वर्षानं संजयचं स्थळ आलं, तेव्हा त्याच्या घरच्यांना खात्री पटावी म्हणून त्याच बॉण्डची झेरॉक्स मुन्शींनी आपण होऊन दिली. पोर मोकळी आहे याचा पुरावा म्हणून.

संजयचं दहावं-बारावं झालं. भट्टीची सहा गुंठे जागा त्याला वाटणीत आलेली, सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर. मायाचं आणि नातीचं नाव वारस म्हणून लावायचा अर्ज मुन्शींनीच लिहिला. तलाठ्यानं नोटीस काढली आणि पंधरा दिवस भरायच्या आत संजयचा थोरला भाऊ विजयसिंह यानं हरकत घेतली. मुन्शी म्हणाले, भाऊबंदकी आहे, चालायचंच. सुनावणीला ते इस्त्रीचा सदरा घालून गेले.

मंडळ अधिकाऱ्यांनी विजयसिंहाला विचारलं, "हरकत कशाबद्दल?"

विजयसिंह वाईट माणूस नव्हता. भावाच्या मयताला तो लेकरासारखा रडला होता. पण रस्ता चौपदरी झाल्यापासून त्या सहा गुंठ्यांवर त्याचा डोळा होता, आणि डोळा असला की माणसाला कायदा फार लवकर समजतो. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला.

"सायेब, ही बाई माझ्या भावाची बायको नव्हं. हिचा नवरा घाटनांदूरला जित्ता हाय. आमच्या वकिलानं सांगितलं, कोर्टाचा घटस्फोट झालेला न्हाई. हा बॉण्ड तेवढा हाय, आन् बॉण्डवर लग्न मोडत नसतंय."

खोलीत पंखा फिरत होता. त्याचा आवाज तेवढा मुन्शींना ऐकू येत राहिला. टेबलावर पसरलेला कागद त्यांचा होता. ते अक्षर त्यांचं होतं. 'उभयतां' या शब्दातल्या 'भ'ला दिलेली ती वेलांटीसारखी शेपूट तालुक्यात दुसरं कुणीच देत नव्हतं.

"आबा, हे काय म्हन्तेत?" मायानं विचारलं.

मंडळ अधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

बाहेर आल्यावर माया चपला घालता घालता थांबली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी ही आठ वर्सं मी सत्यमची बायको व्हते?"

मुन्शींना कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. "तसं न्हाई बाय," ते म्हणाले. पण कसं, ते त्यांना सांगता येईना. ज्या माणसानं हात मोडला त्याचं नाव त्यांनी लेकीच्या कपाळावरून पुसलं, असं ते आजवर समजत होते. आणि पुसलंच गेलं नव्हतं, नुसता त्यावर छान अक्षरात कागद चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता बीडला गेले. कोर्टाच्या आवारात सायलीचं टेबल शोधलं. तिनं ओळखलं. वकील मंडळी अशा वेळी 'मी सांगितलं होतं' म्हणायची संधी सोडत नाहीत, हिनं सोडली. खुर्ची पुढं केली आणि पाण्याची बाटली सरकवली. मुन्शींना त्याचीच जास्त लाज वाटली.

सगळं ऐकून ती म्हणाली, "आधी चांगलं ऐका. संस्कृतीला कुणी हात लावू शकत नाही. आईबापाचं लग्न कायद्यात बसलं नाही, तरी लेकरू बापाचं वारस असतंच. भट्टीची जागा तिच्या नावानं राहील आणि तिची पालक मायाच. तुमच्या विजयसिंहांच्या वकिलानं त्यांना हे सांगितलेलं दिसत नाही."

"आन् माया?"

"बॉण्डवर लग्न मोडत नाही, हे खरं आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे सही खरी एवढंच. पण एक वाट आहे. एखाद्या समाजात घटस्फोटाची जुनी रूढी असेल, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, तर त्या रीतीनं झालेली फारकत कायदा मानतो. ती कोर्टात सिद्ध करावी लागते. तुमच्यात काय रीत होती पूर्वी?"

"काडी मोडायची." मुन्शींनी यांत्रिकपणे सांगितलं. "तुरीची काडी. भावकीतले पंच बसायचे. एक टोक तिच्याकडं, एक त्याच्याकडं. मोडली की सोडचिठ्ठी. आपापला तुकडा पाठीमागं फेकायचा आन् वळून बघायचं न्हाई."

सायली खुर्चीत पुढं सरकली. "मग मायाच्या वेळी काडी मोडली होती का?"

ती सकाळ मुन्शींना लख्ख आठवली. थोरली बहीण भामाबाई पदरात तुरीची काडी घेऊन दारात उभी होती, आणि ते सगळ्या भावकीदेखत तिच्यावर खेकसले होते. आक्का, हा अडाणीपणा बंद कर, मी पक्कं काम करतोय, कागदावर.

"न्हाई," ते म्हणाले. "मीच मोडू दिली न्हाई."

जे कायद्याला चालतं ते अडाणी म्हणून टाकलं आणि जे चालत नाही ते शहाणपण म्हणून आयुष्यभर विकलं. एसटीत खिडकीशी बसून मुन्शी हे एकच पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. तिकीट हातात तसंच राहिलं. चारशे फारकती. चारशे बायका. त्यातल्या किती जणी कुणाकुणाच्या घरी नांदत असतील, आणि त्यांच्या घरात अजून कुणी मेलं नाही म्हणून त्यांना काही माहीत नसेल.

घरी माया संस्कृतीला घेऊन आलेली होती. भामाबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढं, ऐकू कमी येई. पण जे ऐकायचं ते नेमकं येई. मुन्शींनी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. स्वतःला सोडलं नाही. सांगून झाल्यावर खाली बसले आणि साठी उलटलेला माणूस लेकीसमोर रडला.

भामाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. माया त्यांच्याकडं बघत होती. त्या मायाकडं बघत होत्या.

"सांगा आत्या," माया म्हणाली. "आता शपथ कशाची?"

"मोडलीय," भामाबाई म्हणाल्या.

"काय?"

"काडी. तू सह्या झाल्यावर कचेरीतच थांबलतास, तुझं दुसरं गिऱ्हाईक आलतं. आमी समदे घरी आलो. परसात मोडली. सत्यमची आई भिवराबाई व्हती, भावकीतले सुग्रीवआप्पा व्हते, दोघं पंच व्हते. पोरीनं एक टोक धरलं, त्या मुडद्यानं एक. तुला सांगितलं आसतं तर तू आंगावर आला आसतास. म्हणून मी हिला शपथ घातली."

मुन्शींनी विचारलं, "कावून केलंस तू आक्का, मी नको म्हणल्यावर?"

"कावून म्हंजी? माझी न्हाई का मोडलती, बहात्तरच्या दुष्काळात? तवा कुठं माझ्या जिवाला सुख लागलं. कागदाचं मला कळत न्हाई बाबा. कागद भिजतोय, जळतोय. मोडलेली काडी कुणाच्या बापाला जोडता येत न्हाई."

तिकडे संस्कृती विचारत होती, कुणाची काडी, कशाची काडी. मुन्शी उठले आणि बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं. नऊ वर्षं आपल्या घरात काय घडलं हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं, याचा राग यायला हवा होता. पण त्यांना एकदम हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौघं बीडला गेली. मुन्शींनी वाटेत पेढे घ्यायचं मनात आणलं होतं. भामाबाई म्हणाल्या, आधी काम होऊ दे. आधी घाटनांदूरला फोन झाला होता. भिवराबाई फोनवर म्हणाल्या होत्या, माझ्या लेकानं त्या पोरीचा हात मोडला ते बी डोळ्यानं बघितलं, काडी मोडली ती बी बघितली, बोलवा, येते.

सायलीनं भामाबाईंची बहात्तरची हकिकत भराभर उतरवून घेतली. रूढी जुनी आहे याचा हा तर जिवंत पुरावा, असं ती म्हणाली. आणखी अशी उदाहरणं भावकीत शोधा. आपण दिवाणी कोर्टात दावा लावू, फारकत रूढीनं झाली असं जाहीर करून मागू, निकाल लागेपर्यंत नोंद थांबवायला सांगू. जिंकूच असं नाही सांगत, पण लढण्यासारखं आहे. मायाच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा रक्त आलं.

"मूळ बॉण्ड द्या," सायली म्हणाली. "झेरॉक्स अंधुक आहे."

मुन्शींनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिला. सायली वाचत गेली. मधेच थांबली. पुन्हा वाचलं. मग तिनं कागद टेबलावर फिरवून मुन्शींसमोर धरला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ कुणी घालायला सांगितली?"

मुन्शींनी चष्मा लावला. वाचायची गरज नव्हती, पाठ होती ती. 'सदरची फारकत ही कोणत्याही जुन्या, अडाणी रूढीपरंपरेस अनुसरून घेतलेली नसून, केवळ या लेखावरून व उभयतांच्या राजीखुशीने घेतलेली आहे.'

कोर्टाच्या शिपायानं कुणाचं तरी नाव तीनदा पुकारलं.

"काका," सायली शेवटी म्हणाली, "आपण कोर्टाला सांगणार, फारकत रूढीनं झाली. आणि आपलाच कागद, मायाच्या सहीचा, म्हणतो रूढीनं झाली नाही. समोरचा वकील दुसरं काही वाचणारच नाही. एवढी एकच ओळ वाचेल."

ही ओळ मुन्शींना किती आवडायची. वाचताना ते तिथं आवाज चढवत, आणि पक्षकार मान डोलवत. मायाच्या बॉण्डपासून ती त्यांनी प्रत्येक फारकतीत घातली होती. ज्या बायकांच्या घरच्यांनी गुपचूप काड्या मोडल्या असतील, त्यांच्याही कागदात ती ओळ त्यांची वाट अडवून बसली असणार.

"आता?" मायानं विचारलं. ती वडिलांकडं बघतच नव्हती.

"आता ज्यानं लिहिलं त्यानं उभं राहायचं," सायली म्हणाली. "प्रतिज्ञापत्र द्यायचं, ही ओळ माझ्या मनानं घातली, सह्या करणाऱ्यांनी सांगितली नव्हती, आणि काडी मोडली ते मला ठाऊक नव्हतं. उलटतपासणी होईल काका. ते विचारतील, एकतीस वर्षं तुम्ही लोकांच्या नावानं असलं काय काय मनानं लिहिलंत. सगळ्या तालुक्यादेखत विचारतील. तुमचं टेबल पुन्हा चालेल असं मला वाटत नाही."

मुन्शींनी लेकीकडं पाहिलं. तिचा डावा हात टेबलावर होता, कोपरातून वाकलेला, नऊ वर्षांपूर्वी राहिला तसा.

"कागद द्या," ते म्हणाले. "मीच लिहितो. टाइप नंतर करा. आन् माझ्या घरी माळ्यावर वह्या हायेत. समद्या फारकतींची नावं-गावं हायेत त्याच्यात. त्या बायांना सांगायला लागंल. पुढल्या गुरुवारपासून मी तुमच्यासंगं हिंडतो."

सायलीनं मान हलवली आणि कोरा कागद दिला. मुन्शींनी पेनाचं टोपण काढलं. आयुष्यात पहिल्यांदा अक्षर वाकडंतिकडं येत होतं आणि त्यांनी ते सुधारायचा प्रयत्नही केला नाही. मी, जालिंदर, शपथेवर लिहून देतो की, इथपर्यंत सरळ झालं. पुढच्या ओळीपाशी ते अडले. खरं काय ते लिहायचं होतं, आणि खरं त्यांना एकच ठाऊक होतं. त्यांनी ते लिहिलं.

माया वाकून वाचत होती. तिनं एक शब्द बोटानं दाखवला.

"शोभेसाठी?" ती म्हणाली. "ही ओळ तुमी शोभेसाठी घातलती, आबा?"

"व्हय."

मुन्शींनी खाली सही केली, तारीख घातली आणि कागद सायलीकडं सरकवला. मग मायानं शाईचं पॅड ओढून घेतलं आणि भामाबाईंचा अंगठा धरून त्यांच्या जबानीवर टेकवला.